पत्रादेवीला मेलेल्यांना मारलं कुणी?

बांदा मागे पडलं की थोड्याच वेळात पत्रादेवी येतं. सिंधुदुर्गातल्या माणसाला हा रस्ता पाठ असतो. घरात कुणाची तब्येत हाताबाहेर गेली की गाडी बांबोळीला निघते, विमान पकडायचं असलं की मोपाला, आणि काहीच नसलं तर म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराला. महाराष्ट्राची हद्द संपून गोव्याचा पेडणे तालुका सुरू होतो, तिथं हुतात्मा स्मारक आहे. आपण बहुतेकांनी ते शंभर वेळा पाहिलंय, पण गाडीच्या काचेतून.

या पावसाळ्यात बांबोळीहून परत येताना आम्ही तिथं थांबलो. बरोबर नववीतला भाचा होता. इथं १५ ऑगस्ट १९५५ला माणसं गोळ्या लागून मेली, असं मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "मामा, तुमका सत्तेचाळीस म्हणूचा आसा मां?" तेवढ्यात गाडीतले दुसरे एक नातेवाईक, चांगले शिकलेसवरलेले, म्हणाले, "अरे, ते बाटवाबाटवीच्या वेळचं. पाद्र्यांनी मारलं लोकांना."

चुकलं दोघांचंही. भाच्याची चूक बांदा येईपर्यंत दुरुस्त झाली. दुसरी मात्र माझ्या डोक्यातून अजून गेलेली नाही. सालाची चूक झाली तर माणूस परीक्षेत एक मार्क गमावतो. मारणाराच बदलला तर भलत्याच माणसाच्या दारात दोष नेऊन ठेवला जातो. म्हणून पहिल्यापासून सांगतो.

सत्तेचाळीसला स्वातंत्र्य मिळालं, मग पंचावन्नला हे काय?

१९४७ला गेले ते इंग्रज. गोवा, दमण, दीव हे इंग्रजांचं कधीच नव्हतं. पोर्तुगीज १५१०मध्ये गोव्यात आले आणि पुढे साडेचारशे वर्षं बसले. सगळा गोवा मात्र त्यांनी एकदम घेतला नाही. पेडणे, म्हणजे ज्या तालुक्यात पत्रादेवी आहे तो, १७८८ला सावंतवाडीच्या भोसल्यांकडून त्यांच्याकडे गेला. म्हणून आपल्याकडच्या घराण्यांची कुळदेवतं पलीकडे आणि पलीकडच्यांची नाती अलीकडे असं आजही सापडतं.

फ्रेंचांकडे पुदुच्चेरी होतं. त्यांनी चर्चा करून १९५४मध्ये कारभार भारताच्या हाती दिला. पोर्तुगाल मात्र हलायला तयार नव्हता. का, हे समजायला सातबाऱ्याचं उदाहरण घेऊ. समजा, कुणीतरी बाहेरून येऊन तुमची जमीन बळकावली. कागदावर 'कब्जेदार' म्हणून त्याचं नाव लागलं. आता जगभर बोंब उठली की असे कब्जे सोडायला हवेत. तेव्हा त्यानं कार्यालयात जाऊन 'कब्जा' हा शब्दच खोडून घेतला आणि लिहिलं, 'ही माझ्याच घराची मागची खोली आहे.' पोर्तुगालनं १९५१मध्ये राज्यघटना बदलून हेच केलं. 'वसाहत' हा शब्द काढला आणि 'सागरापलीकडचा प्रांत' असा घातला. वसाहतच नाही म्हटल्यावर सोडायचा प्रश्न कुठे येतो?

हा शब्द बदलणाऱ्या माणसाचं नाव सालाझार. पत्रादेवीच्या गोष्टीत हे नाव कळीचं आहे आणि आपल्याकडे तेच सर्वांत कमी ठाऊक आहे.

सालाझार म्हणजे कोण?

अंतोनियो द ऑलिव्हैरा सालाझार. मूळचा कोइंब्रा विद्यापीठातला अर्थशास्त्राचा प्राध्यापक. १९२८ला अर्थमंत्री झाला, १९३२ला पंतप्रधान, आणि १९६८पर्यंत त्या खुर्चीवरून उठला नाही. १९३३ला त्यानं नवी घटना आणली आणि आपल्या राजवटीला 'नवं राज्य' असं नाव दिलं. नवं एवढंच की पक्ष एकच, वर्तमानपत्र छापण्याआधी सेन्सॉरकडे, संप बेकायदा, आणि या सगळ्यावर लक्ष ठेवायला गुप्त पोलीस. १९४५पासून या गुप्त पोलिसांना 'पीडे' म्हणत.

हुकूमशाही हा शब्द आपण आता फार सहज वापरतो. घरात वडील कडक असले तरी वापरतो. म्हणून गोव्यातलीच एक गोष्ट सांगतो. १७ फेब्रुवारी १९५४. म्हापशाचे शल्यविशारद डॉक्टर पुंडलिक गायतोंडे एका मेजवानीला होते. भाषण करणारा म्हणाला की गोवा म्हणजे पोर्तुगालच. गायतोंडे म्हणाले, "मी निषेध करतो." एवढंच. हातात दगड नव्हता, झेंडा नव्हता, समोर ताट होतं. त्यांना अटक झाली आणि थेट पोर्तुगालला पाठवण्यात आलं.

जेवणाच्या टेबलावरच्या तीन शब्दांसाठी समुद्रापार. मला हुकूमशाही समजली ती या गोष्टीनं.

बाकीच्या गोष्टी याच चालीच्या. जाहीर सभेला परवानगी लागे, आणि १८ जून १९४६ला मडगावात डॉक्टर राममनोहर लोहियांनी ती न घेता बोलायला सुरुवात केली म्हणून तो दिवस गोव्यात आजही क्रांतिदिन म्हणून पाळतात. लग्नाची पत्रिकासुद्धा छापण्याआधी सेन्सॉरला दाखवावी लागे. आपल्याकडे पत्रिकेत कुळदेवतेपासून मामेमावश्यांपर्यंत कुणाचं नाव राहिलं म्हणून रुसवे होतात. तिथं ती यादी आधी सरकारी माणूस वाचत असे.

आणि मार. गोव्यातल्या पोलिसांत कासिमिरो मोंतेरो नावाचा एक अधिकारी होता. त्याचं नाव काढलं की माणसं गप्प होत. पुढे १९६५मध्ये सालाझारला निवडणुकीत आव्हान देणाऱ्या जनरल हुंबेर्तु देलगादो यांचा स्पेनच्या सीमेवर खून झाला, आणि त्या खुनासाठी पोर्तुगीज न्यायालयानं ज्याला त्याच्या गैरहजेरीत दोषी ठरवलं, तो हाच मोंतेरो.

शेवटचं वाक्य परत वाचा. जो हात गोव्यात चालला, तोच पोर्तुगालच्या स्वतःच्या जनरलवर चालला.

म्हणजे पोर्तुगीजांवरही अन्याय झाला?

झाला, आणि गाडीतल्या त्या नातेवाइकांच्या वाक्याचं उत्तर इथंच आहे.

सालाझारनं १९३६ला आफ्रिकेजवळच्या केप व्हर्द बेटांवर ताराफाल इथं छावणी उघडली. तिथं आधी पाठवले गेले ते पोर्तुगीजच: कामगार, खलाशी, कम्युनिस्ट, विरोधक. लोक तिला 'सावकाश मरणाची छावणी' म्हणत. तिथं सिमेंटची एक कोठडी होती, जवळजवळ हवाबंद, भर उन्हात. कैदी तिला 'तवा' म्हणत. आपल्याकडे वैशाखात पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी पाच मिनिटं उभं राहवत नाही. तिथं माणसाला दिवसेंदिवस कोंडत. १९५४ला ही छावणी बंद झाली, आणि १९६१ला परत उघडली ती आफ्रिकेतल्या स्वातंत्र्यसैनिकांसाठी.

पोर्तुगालच्या किनाऱ्यावर पेनिश नावाचं गाव आहे. आपल्या देवगडसारखं, मच्छीमारांचं, समुद्रात घुसलेल्या खडकावर किल्ला असलेलं. त्या किल्ल्यात १९३४पासून राजकीय कैदी ठेवत. गोव्याचे त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा यांना १९४६च्या चळवळीनंतर आठ वर्षांची शिक्षा देऊन तिथंच डांबलं होतं. भिंतीच्या या बाजूला गोव्याचा कुन्हा, त्या बाजूला लिस्बनचा कामगार, आणि दाराची किल्ली एकाच राजवटीच्या खिशात.

आता 'पाद्र्यांनी मारलं' याबद्दल. गोव्यात धर्मसमीक्षण सभा, म्हणजे इन्क्विझिशन, चर्चचं धर्मन्यायालय, होती, तिनं अनन्वित छळ केला, हे खरंच. पण तिचा काळ १५६० ते १८१२. पत्रादेवीचा गोळीबार १९५५चा. दोन्हींमध्ये जवळजवळ दीडशे वर्षांचं अंतर आहे. आणि सालाझारशी लढणाऱ्यांत ख्रिस्ती गोवेकर पुढे होते. कुन्हा ख्रिस्ती. पीटर अल्वारिस ख्रिस्ती. १५ ऑगस्ट १९५४ला तेरेखोलच्या किल्ल्यात शिरून तिरंगा लावणाऱ्या तुकडीचा म्होरक्या आल्फ्रेड अफोन्सो, तोही ख्रिस्ती. स्मारकापुढे उभं राहून आपण 'ख्रिश्चनांनी मारलं' म्हणालो, तर ज्यांनी मार खाल्ला त्यांनाच आपण मारेकऱ्यांच्या रांगेत उभं करतो.

त्या दिवशी पत्रादेवीला काय झालं?

१९५५चा उन्हाळा संपत असताना पुण्यातल्या गोवा विमोचन सहायक समितीनं सत्याग्रह सुरू केला. सत्याग्रही म्हणजे हातात शस्त्र न घेता, मार बसला तरी परत न मारता, मनाई केलेल्या जागी जाणारा माणूस. १८ मे १९५५ला नानासाहेब गोरे आणि सेनापती बापट यांची पहिली तुकडी हद्द ओलांडून गेली. मग तुकड्यांमागून तुकड्या. पोलीस लाठ्यांनी, बंदुकीच्या दस्त्यांनी झोडपत आणि बहुतेकांना परत हद्दीबाहेर फेकून देत. पुढाऱ्यांना तुरुंग. नानासाहेब गोऱ्यांना दहा वर्षांची शिक्षा झाली, मधु लिमयांना बारा. लिमयांना इतकं मारलं की ते गेले अशीच वार्ता पसरली होती. दोघेही १९५७ला सुटले.

त्याआधी, फेब्रुवारी १९५५मध्ये, बार्देशातल्या अस्नोड्याचा बाळा राया मापारी हा तरुण पोलीस कोठडीत छळ होऊन मेला. त्याच्याकडून साथीदारांची नावं हवी होती, ती त्यानं दिली नाहीत.

मग १५ ऑगस्ट उजाडला. देशभरातून आलेले तीन हजारांहून जास्त सत्याग्रही वेगवेगळ्या वाटांनी एकाच दिवशी हद्दीवर गेले. इतके लोक एकदम आल्यावर लाठी पुरत नाही. पोर्तुगीज पोलिसांनी गोळ्या झाडल्या. वीसहून अधिक माणसं मेली, जखमींची संख्या त्याहून पुष्कळ मोठी. पत्रादेवीला पडलेल्यांत करनैल सिंग होता, पंजाबातल्या ईसरू गावचा तरुण शिक्षक. मध्य प्रदेशातल्या सहोदराबाई राय झेंडा घेऊन होत्या, त्यांना गोळी लागली. त्या वाचल्या आणि पुढे लोकसभेत निवडून गेल्या. उज्जैनचे राजाभाऊ महाकाळ गेले. पनवेलचे हिरवे गुरुजी या सत्याग्रहात गेले.

माझी आत्या तेव्हा बांद्यात होती, आठ-नऊ वर्षांची. तिला गोळ्यांचा आवाज आठवत नाही. तिला आठवतात ओले कपडे. आदल्या रात्री त्यांच्या पडवीत सात-आठ सत्याग्रही झोपले होते. पावसात चालत आलेले, पाय गुडघ्यापर्यंत तांबड्या चिखलानं माखलेले. आजीनं चुलीवर दोरी बांधून त्यांचे सदरे सुकत घातले, आणि रात्रभर धुरानं त्यांना वास लागला. सकाळी पेज जेवून ते धुरकट सदरे घालून निघाले. त्यांतल्या एकाला मराठी येत नव्हतं, तो आजीच्या पाया पडून गेला. "तेचा नाव काय ता इचारूक जमूकच नाय," आत्या म्हणते. सत्तर वर्षं ती हे एकच वाक्य म्हणत आली आहे.

गोळीबारानंतर भारत सरकारनं सामुदायिक सत्याग्रह थांबवला, पोर्तुगालशी संबंध तोडले, हद्द बंद केली. आमच्याकडच्या कितीतरी लेकींची माहेरं सहा वर्षं परमुलखात गेली. १८ आणि १९ डिसेंबर १९६१ला लष्करी कारवाईनं गोवा मुक्त झाला. त्या वेळी सालाझारनं गव्हर्नर वास्सालो इ सिल्वा यांना हुकूम पाठवला होता, की आमचे सैनिक एकतर जिंकतील नाहीतर मरतील. गव्हर्नरनं शरणागती पत्करून माणसं वाचवली. त्याबद्दल मायदेशी त्यांना लष्करातून काढून टाकलं. त्यांची अब्रू परत मिळाली ती १९७४नंतर, सालाझारची राजवट उलथल्यावर.

हुतात्मा वेगळा, बळी वेगळा?

हे दोन शब्द आपण एकमेकांत मिसळतो. हुतात्मा म्हणजे जाणूनबुजून गेलेला. काय होऊ शकतं हे त्याला ठाऊक होतं, तरी तो गेला. करनैल सिंग हुतात्मा. बळी म्हणजे ज्याला कुणी विचारलंच नाही. चुलत्याच्या घरात पत्रक सापडलं म्हणून ज्याला ठाण्यावर नेऊन तळव्यांवर मारलं तो शेतकरी, नवरा तुरुंगात म्हणून जिनं आठ वर्षं एकटीनं कुळागर सांभाळलं ती बाई, हे राजवटीचे बळी.

पुतळा एका माणसाचा असतो. तो घोड्यावर असतो, उंचावर असतो, आपण मान वर करून बघतो. बळींचं स्मारक उलट असतं. तिथं नावांची रांग असते आणि आपण मान खाली घालून वाचतो. आपल्या माणसांना हे नवीन नाही. गाऱ्हाणं घालताना गावकर कसा एकेकाचं नाव घेतो: स्थळाचा, गावराठीचा, सीमेवरचा, कुणी म्हणून सुटता कामा नये. सुटला तर गाऱ्हाणं पुरं झालं असं कुणी मानत नाही. आणि ज्यांची तिथी ठाऊक नाही, नावही ठाऊक नाही, त्यांच्यासाठी सर्वपित्री अमावास्या. म्हणजे नाव घ्यायचं, आणि नाव नसेल तरी पान वाढायचं, या दोन्ही गोष्टी आपल्याकडे आधीपासून आहेत. स्मारक हेच काम दगडात करतं.

पण आपल्या स्मारकांत एक उणीव राहते. नाव असतं, तारीख असते, वर 'देशासाठी बलिदान' असं असतं. मारणारा कोण, हे मोघम. राज्यात १९८०च्या दशकात गावोगावी दोनशेच्या वर हुतात्मा स्मारकं उभी राहिली, तेव्हाचे मुख्यमंत्री अंतुले आपल्या कोकणचेच. मी त्यांतली बरीच पाहिली आहेत. कुठं सभागृहाला कुलूप, कुठं आत ग्रामपंचायतीच्या खुर्च्या रचलेल्या. नावांचा दगड वाचता येतो, पण तो वाचून दहावीच्या मुलाला कळत नाही की ही माणसं कुणाच्या कुठल्या हुकमानं मेली. रिकामी जागा राहिली की माणूस आपल्या डोक्यातलं काहीतरी तिथं भरतो. आमच्या नातेवाइकांनी पाद्री भरले.

उरण तालुक्यातलं चिरनेर याला उजेडात आणणारं उदाहरण आहे. २५ सप्टेंबर १९३०ला अक्कादेवीच्या माळावर जंगल सत्याग्रह झाला. जंगलाच्या कायद्यानं सरपणालाही हात लावायची चोरी झाली होती, म्हणून गावकरी कोयते घेऊन रानात शिरले. पोलिसांनी गोळ्या झाडल्या, आठ गावकरी गेले. त्या आठांत नाग्या महादू कातकरी आहे. विचार करा, १९३०मधला एक कातकरी. सरकारी कागदात त्याचं नाव एरवी कुठं आलं असतं? फार तर चोरीच्या फिर्यादीत. आणि त्याच गोळीबारात मामलेदार जोशीही मेले, म्हणजे सरकारचाच माणूस. ही शेवटची गोष्ट सांगितली की चित्र पालटतं. 'गोरे विरुद्ध काळे' इतकं ते सोपं राहत नाही. एक कायदा होता, तो राबवणारे हात आपल्याच माणसांचे होते, आणि त्या बंदुकीपुढे कातकरी आणि मामलेदार दोघेही सारखेच होते. आज दर २५ सप्टेंबरला चिरनेरला पोलीसच बंदुकीच्या फैरी झाडून त्या आठांना मानवंदना देतात.

"पण पोर्तुगीजांच्या काळात शांतता होती म्हणतात"

हे वाक्य पेडण्यापासून काणकोणापर्यंत ऐकू येतं, आणि म्हणणारी माणसं वाईट नसतात. रस्ते स्वच्छ होते, चोऱ्या कमी होत्या, आयात माल स्वस्त होता. यातलं बरंच खरं असेल. पण गायतोंड्यांच्या त्या मेजवानीतही शांतता होती, त्यांनी तोंड उघडेपर्यंत. ज्याला बोलायचंच नव्हतं त्याला शांतता सुखाची वाटली. ज्याला बोलायचं होतं त्याच्या घरच्यांना विचारा.

"जुन्या जखमा कशाला उकरायच्या?"

मला या प्रश्नाचा राग येत नाही. गोव्यात आजही अशी घरं आहेत जिथं एक भाऊ तुरुंगात होता आणि दुसरा पोर्तुगीज कचेरीत कारकून. स्मारक म्हणजे त्या कारकुनाच्या नातवाला चार लोकांत खाली बघायला लावणं, अशी भीती वाटते.

पण जखम उघडी ठेवणं आणि जखमेची नोंद ठेवणं यात फरक आहे. डॉक्टरच्या फायलीत 'डावा हात, १९५५, गोळी' असं लिहिलं म्हणून हात परत दुखत नाही. उलट नोंद नसली की पुढचा डॉक्टर भलतंच औषध देतो. आणि खुद्द पोर्तुगालनं काय केलं ते बघा.

२५ एप्रिल १९७४ला तिथल्या सैनिकांनीच राजवट उलथवली. दोन दिवसांनी, २७ एप्रिलला, पेनिशचे दरवाजे उघडून कैदी बाहेर आले. ताराफालला मेलेल्यांचे अवशेष १९७८ला लिस्बनला आणून त्यांच्यासाठी समाधी बांधली. लिस्बनमधला अल्जूब हा गुप्त पोलिसांचा तुरुंग २०१५ला संग्रहालय झाला. पण सगळं सरळ झालं नाही. लिस्बनमधल्या पीडेच्या मुख्यालयातून क्रांतीच्या दिवशी गर्दीवर गोळ्या झाडल्या गेल्या, चौघं मेले. त्या इमारतीत पुढे महागडे फ्लॅट झाले; चौघांची नावं भिंतीवरच्या एका पाटीपुरती उरली. आणि २०१६ला पेनिशचा किल्ला हॉटेलसाठी भाड्यानं द्यायचं घाटत होतं. जुने कैदी, त्यांची मुलं, साधी माणसं उठली, तेव्हा सरकारला मागे फिरावं लागलं. आज तिथं राष्ट्रीय संग्रहालय आहे, दरवाजे उघडल्याला पन्नास वर्षं झाली त्याच तारखेला, २७ एप्रिल २०२४ला, ते पुरतं खुलं झालं. आत स्मारकावर २,५१० कैद्यांची नावं आहेत.

ज्यांच्या नावानं ही राजवट चालली, त्या पोर्तुगीजांनी ती क्रूर होती असं स्वतःच्या किल्ल्यावर लिहून ठेवलंय. मग आपण मोघम का बोलायचं?

आपल्याकडचा हिशेब दोन्ही बाजूंचा आहे. आग्वादचा तुरुंग, जिथं नानासाहेब गोरे आणि कितीतरी सत्याग्रही होते, डिसेंबर २०२१मध्ये संग्रहालय म्हणून खुला झाला. ते फार चांगलं झालं. तेरेखोलच्या किल्ल्याचं मात्र हॉटेल झालं. केरीहून फेरीबोटीनं गेलं की दहा मिनिटांत तिथं पोचता येतं. ज्या भिंतीवर आल्फ्रेड अफोन्सोंच्या पोरांनी तिरंगा लावला, तिथून समुद्र फार सुंदर दिसतो हे खरं आहे, आणि मला तिथं चहा पिणाऱ्यांवर रोष धरायचा नाही. पेनिशच्या लोकांनी जे अडवलं ते आपल्या लक्षातही आलं नाही, एवढंच माझं दुःख आहे.

"आमच्या गावाचा काय संबंध?"

करनैल सिंगच्या ईसरू गावात दर १५ ऑगस्टला मोठा मेळावा भरतो. पंजाबातलं गाव, दोन हजारांच्या आसपास किलोमीटर दूर. त्या लोकांना पत्रादेवी हे नाव तोंडपाठ आहे. आपल्याला ईसरू ठाऊक नाही. संबंध कुणाचा, हे एवढ्यावरून कळावं.

आणि मोहन रानडे. जन्म सांगलीचा, गोव्यात शिक्षक म्हणून राहिले, सशस्त्र लढ्यात उतरले. १९५५च्या ऑक्टोबरात बेती पोलीस ठाण्यावरच्या हल्ल्यात जखमी होऊन पकडले गेले. त्यांना लिस्बनजवळच्या काशियाशच्या तुरुंगात ठेवलं. गोवा सुटला तरी ते सुटले नाहीत. मुंबईत सुधीर फडके आणि इतर अनेकांनी खटपट केली, तेव्हा जानेवारी १९६९मध्ये त्यांची सुटका झाली. म्हणजे ज्या गोव्यासाठी ते लढले, तो मुक्त होऊन सात वर्षं झाल्यावर.

दगडावर काय लिहिलेलं असावं?

माझं म्हणणं साधं आहे. नाव, गाव, वय, धंदा. कुठं आणि कसा मेला. आणि मारणाऱ्याचं नाव पुरतं: 'सालाझारच्या हुकूमशाही राजवटीच्या पोलिसांनी, निःशस्त्र असताना.' नुसतं 'पोर्तुगीज' नको, नुसतं 'परकीय' तर नकोच. शेजारी कोकणी, मराठी, हिंदी, पंजाबी आणि पोर्तुगीजमध्येही तेच. लिस्बनहून आलेला एखादा पर्यटक ते वाचेल तेव्हा त्याच्या आजोबालाही त्याच राजवटीनं मारलं असेल, ही शक्यता आहे.

आणि ज्यांचे प्राण गेले नाहीत पण बाकी सगळं गेलं त्यांच्यासाठी एक कोरी जागा. ती भरायला सरकारी कचेऱ्या पुरणार नाहीत, कारण हद्दीपलीकडे मार खाऊन रात्री नाल्यातून अलीकडे आलेल्या माणसाची नोंद कुठल्याच दप्तरात नसते. ती असते घरात. बांदा, शेर्ले, सातार्डा, आरोंदा, दोडामार्ग, या पट्ट्यातल्या कुठल्याही जुन्या घरात विचारून बघा. कुणीतरी कुणाला तरी पडवीत निजवलेलं असतं, जखमेवर हळद भरलेली असते, पत्रकं भाताच्या कणगीत लपवलेली असतात. ही माणसं आता ऐंशीच्या पुढची आहेत.

भाचा आता त्याच्या शाळेच्या वहीत आत्याआजीचं ऐकून लिहितो आहे. पहिल्या पानावर त्यानं रकाने आखलेत: नाव, गाव, कुठल्या ठाण्यावर नेलं, किती दिवस, कुणी मारलं. पहिल्या ओळीत नावाचा रकाना रिकामा आहे. गावाच्या रकान्यात लिहिलंय, 'मराठी येत नव्हतं. धुराचा वास असलेला सदरा. पेज जेवून गेला.'